फ्रीमेसन : आतल्या खोलीच्या आत आणखी एक खोली असते का?

पाऊणशहाणा (धागाकर्ता)

पंधरा वर्षांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गेल्या आठवड्यात बोलता बोलता सांगितलं, "मी मेसन आहे." मी आधी गवंडीकामाबद्दल काहीतरी बोललो. मग प्रकाश पडला : फ्रीमेसन, गुप्त विधी करणाऱ्या त्या जुन्या बंधुमंडळाचे सभासद. ते म्हणाले, "आम्ही कुणाला ये म्हणत नाही. ज्याला यायचंय त्याने विचारायचं." आता हे आमंत्रण होतं की नव्हतं, तेच मला कळेना. त्यांच्या शाखेला 'लॉज' म्हणतात. घरी 'लॉजमध्ये जायचा विचार आहे' म्हटल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून रात्री वाचत बसतो आणि माझ्यापुढे दोन ढीग झालेत. एका ढिगाचं म्हणणं : हे अॅप्रन बांधून जुनी नाटकं करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचं मंडळ आहे, नंतर जेवण, वर थोडा दानधर्म. दुसऱ्याचं म्हणणं : जे दिसतात ते पडदा, त्यांच्यामागे दुसरे, त्यांच्यामागे तिसरे. साध्या सभासदाला आयुष्यभर कळतच नाही तो कुणासाठी राबतोय.

इतिहास सगळ्यांना ठाऊक असेल असं धरून दोन ओळींत. मध्ययुगीन दगडकाम करणाऱ्यांच्या संघटना, त्यांची हत्यारं आणि त्यांचे संकेत पुढे हातात छिन्नी न धरणाऱ्या सभ्य गृहस्थांनी उचलले. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉजनी 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या मद्यालयात एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापली, असं ते स्वतः सांगतात. अलीकडे काही इतिहासकार म्हणतात की ही तारीख मागाहून चिकटवली, खरी सुरुवात १७२१ ची. स्वतःच्या जन्मतारखेवरून वाद असलेली संघटना जग चालवत असेल का, हा माझा पहिला प्रश्न. पण तो बाजूला ठेवू.

खरा प्रश्न हा : त्यांची गुपितं आहेत का, हे मी विचारत नाहीये. हस्तांदोलनाचं गुपित माझ्या भाच्याच्या क्रिकेट टीममध्येपण आहे. साध्या सभासदाला माहीत नसलेलं आतलं वर्तुळ असतं का? आणि असेल तर बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार?

व्हिडिओच्या लिंका देऊ नयेत ही नम्र विनंती.

रिकामटेकडी

जागा धरून ठेवते. शंकासुर अजून कसे आले नाहीत?

बाकी, त्यांनी तुम्हाला सांगितलंच कसं? गुप्त ना?

तळटीप

@रिकामटेकडी, स्वतःबद्दल सांगायला बंदी नाही. दुसऱ्या सभासदाचं नाव त्याच्या संमतीशिवाय सांगू नये असा संकेत आहे. लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवर त्यांची प्रचंड इमारत आहे, दारावर नाव आहे, आत संग्रहालय आहे, कुणीही जाऊन बघू शकतो.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर जरा लांबेल.

लोकांच्या डोक्यात शिडी असते. खाली पहिली डिग्री, म्हणजे दीक्षेची पायरी, वर तेहतिसावी, आणि तेहतिसाव्या पायरीवर गुहेत बसलेले सात म्हातारे. प्रत्यक्षात मूळ डिग्र्या तीनच : एंटर्ड अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट, मास्टर मेसन. म्हणजे उमेदवार, कारागीर आणि उस्ताद. तिसऱ्या डिग्रीत बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबिफ याच्या खुनाचं नाट्य होतं, आणि दीक्षार्थी स्वतःच हिरामच्या जागी पाडला जातो. त्यापुढे अधिकृत डिग्री नाही. तेहतीस आकडा येतो स्कॉटिश राइट नावाच्या वेगळ्या विधीपरंपरेतून, जिची पहिली सुप्रीम कौन्सिल १८०१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स्टनला स्थापन झाली. ती शिडीची वरची पायरी नव्हे, शेजारच्या इमारतीचा जिना आहे. तेहतिसावी बहुतेक वेळा सेवेबद्दल मानाची दिली जाते. ज्याला ती नाही असा साधा मास्टर मेसन त्याच्या ग्रँड लॉजचा ग्रँड मास्टर होऊ शकतो आणि तेहतिसावीवाल्याने त्याच्या आज्ञेत राहायचं असतं.

तीन डिग्र्यांबद्दलही त्यांचं गणित मजेशीर आहे. १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या दोन भांडणाऱ्या ग्रँड लॉज एक झाल्या तेव्हाच्या करारात लिहिलंय की शुद्ध प्राचीन मेसनरी म्हणजे तीन डिग्र्या आणि तीनच, 'होली रॉयल आर्च धरून'. म्हणजे तीनच, पण चौथी धरून. हा वाक्यप्रयोग समितीत झालेल्या तडजोडीचा उत्तम नमुना म्हणून मी जपून ठेवलाय.

दुसरं म्हणजे जागतिक मुख्यालय नाही. प्रत्येक ग्रँड लॉज आपापल्या हद्दीत सार्वभौम. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याची वेगळी. १८७७ मध्ये ग्रँड ओरिएंट ऑफ फ्रान्स या तिथल्या मोठ्या मेसन संस्थेने 'ईश्वरावर श्रद्धा हवी' ही अट काढली आणि इंग्रजांनी त्यांच्याशी व्यवहार तोडला, तो आजतागायत. ज्यांना एकमेकांच्या सभेत बसायची परवानगी नाही ते मिळून कट कसा करणार?

शंकासुर

आलो.

तळटीपांनी कागदावरची रचना छान सांगितली. कागदावर तर बँकेतही लेखापरीक्षण असतं.

आता कागदाबाहेरचं सांगतो, आणि व्हिडिओ नाही, न्यायालयीन तपास. १७ मार्च १९८१. इटलीत सिंदोना या बँकरच्या प्रकरणाचा तपास करणारे दोन दंडाधिकारी, तुरोने आणि कोलोंबो, अरेत्झोजवळच्या कास्तिल्योन फिबोकी गावातल्या एका कपड्याच्या कारखान्यावर झडती घ्यायला पोलीस पाठवतात. कारखान्याशी संबंध असलेल्या लिचो जेल्ली नावाच्या इसमाच्या तिजोरीत एक यादी सापडते. ९६२ नावं. विद्यमान मंत्री, खासदार, झाडून सगळ्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख, सेनाधिकारी, न्यायाधीश, बँकर, देशातल्या सर्वांत मोठ्या दैनिकाचा मालक आणि संपादक. एक तेव्हाचा दूरचित्रवाणी उद्योजकही, जो पुढे देशाचा पंतप्रधान झाला : बेर्लुस्कोनी. हे लॉज होतं 'प्रोपागांदा दुए', म्हणजे पी-टू. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि काही दिवसांत फोर्लानी सरकार पडलं. पुढच्या वर्षी, १९८२ च्या जूनमध्ये पी-टूचा सभासद आणि बांको अॅम्ब्रोसिआनो या बँकेचा प्रमुख रोबेर्तो काल्वी लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला.

धागाकर्ते, तुम्ही विचारलंत आतलं वर्तुळ असतं का. हे घ्या. पत्त्यासकट.

पाऊणशहाणा

झोप उडाली. तळटीप?

तळटीप

शंकासुरांनी सांगितलेला प्रत्येक तपशील बरोबर आहे. मी फक्त त्यातच असलेल्या दोन गोष्टी बाहेर काढतो.

एक, पी-टू वरच्या मजल्यावर नव्हतं. हे लॉज १८७७ चं, ज्यांना राजधानीत राहावं लागे आणि आपल्या गावच्या लॉजला जाता येत नसे अशा खासदार वगैरे मंडळींच्या सोयीसाठी. मोठ्या लोकांची नावं सामान्य नोंदवहीत नकोत म्हणून ती ग्रँड मास्टरच्या कानात सांगायची, ही तिथली जुनी सवय. जेल्लीने नेमकी ही सवय पकडली. विधी नाही, सभा नाही, सभासद एकमेकांना ओळखत नाहीत, सगळ्यांना ओळखणारा फक्त जेल्ली. १९७६ मध्ये कागदोपत्री हे लॉज स्थगितही झालं होतं. म्हणजे इटलीतल्या हजारो साध्या मेसनांपासूनसुद्धा ते लपवलेलं होतं. वर चढत गेल्याने तिथे पोचता आलं नसतं. जेल्लीला तुमचा उपयोग असेल तर तो थेट बोलावत असे.

दोन, आत काय निघालं? प्राचीन ज्ञान नाही. बढत्या, कर्जं, कंत्राटं, वर्तमानपत्राची मालकी, ब्लॅकमेलसाठी फायली. आणि 'लोकशाही पुनर्जन्म आराखडा' नावाचं टिपण, ज्यात प्रसारमाध्यमं आणि कामगार संघटना कशा ताब्यात आणायच्या ते लिहिलं होतं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही दलालाला समजेल असा मजकूर.

इटलीने १९८२ मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा केला, तोही फ्रीमेसनरीवर बंदी घालणारा नाही. गुप्तपणे शासनयंत्रणेत ढवळाढवळ करणाऱ्या संघटनेवर बंदी घालणारा आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

शंकासुर

अर्धंच वाचलंत. संसदीय चौकशी समितीच्या अध्यक्ष तीना आन्सेल्मी, स्वतः नाझींविरुद्ध लढलेली बाई, हवेत बोलणारी नाही. १९८४ च्या अहवालात त्यांनी चित्र वापरलंय दोन पिरॅमिडचं. एक सरळ, त्याच्या टोकावर दुसरा उलटा. खालच्या पिरॅमिडचं टोक म्हणजे जेल्ली. वरचा उलटा पिरॅमिड त्याच्याही वर पसरलेला, आणि दोन्ही जिथे टेकतात तो सांधाही जेल्लीच. त्या वरच्या पिरॅमिडमध्ये कोण होते ते समितीला सांगता आलं नाही.

दलाल म्हणता ना? दलाल कुणाचा तरी असतो.

तळटीप

हा मुद्दा मान्य. तो वरचा पिरॅमिड मला खोडता येत नाही. पण तो मेसनांचा असायलाच हवा असं आन्सेल्मीही म्हणत नाहीत.

जुनी वही

तुम्ही दोघं विसाव्या शतकात भांडताय. मला वाटतं धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर अठराव्या शतकात आहे. चहा घेऊन बसा.

आतल्या खोलीची अफवा बाहेरच्यांनी उठवली असा सगळ्यांचा समज असतो. ती आधी आतल्यांनीच उठवली.

जर्मनीत कार्ल गॉटहेल्फ फॉन हुंड नावाचा एक सरंजामदार होता. त्याचं म्हणणं, १७४० च्या दशकात पॅरिसला त्याला टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, गुप्त परंपरेत दीक्षा मिळाली, दीक्षेच्या वेळी एक 'लाल पिसाचा सरदार' हजर होता, आणि त्याला सांगण्यात आलं की पुढच्या सूचना येतील. परत येऊन त्याने 'स्ट्रिक्ट ऑब्झर्व्हन्स' नावाची पद्धत उभी केली. तिच्यात सभासदाने आज्ञापालनाची शपथ घ्यायची ती कुणाची? 'अज्ञात वरिष्ठांची'. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फक्त ते आहेत आणि बघताहेत. जर्मन लॉजेस अक्षरशः रांग लावून यात शिरल्या. राजपुत्र शिरले. साधी इंग्रजी मेसनरी फिकी वाटायला लागली, कारण तिच्यात वर कुणी नव्हतं.

हुंडकडे लोक पुरावा मागत राहिले. तो सांगत राहिला, वरिष्ठ बोलतील. वरिष्ठ बोलले नाहीत. तो १७७६ मध्ये वारला. माझं मत, तो लबाड नव्हता. त्याला कुणीतरी तरुणपणी वचन दिलं होतं आणि तो जन्मभर पोस्टमनची वाट बघत बसला. १७८२ मध्ये विल्हेल्म्सबादला मोठं अधिवेशन भरलं, तिथे बरीच चर्चा होऊन मंडळींनी टेम्पलरांचे वारस असल्याचा दावा सोडून दिला.

आता त्याच वर्षी, १७७६, मेची पहिली तारीख. बव्हेरियातल्या इंगोलश्टाटचा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक आडाम वाइसहाउप्ट काही विद्यार्थी घेऊन एक मंडळ काढतो. हेच ते इल्युमिनाटी. त्याने आपल्याला 'स्पार्टाकस' नाव घेतलं. पुढे त्याच्या लक्षात आलं की नव्याने माणसं जमवण्यापेक्षा तयार लॉजमध्ये शिरणं सोपं. म्हणजे शंकासुर, 'मेसनरीत गुप्तपणे शिरलेलं आतलं वर्तुळ' ही गोष्ट अगदी खरी आहे, ती घडलीय.

१७८० मध्ये त्यांना क्निगे नावाचा सरदार मिळाला. हुशार, ओळखी दांडग्या, आधीच मेसन. त्याने धडाधड सभासद केले. नवे सभासद विचारायला लागले, पुढच्या डिग्र्या कधी? क्निगेने वाइसहाउप्टकडे लकडा लावला. शेवटी १७८१ मध्ये वाइसहाउप्टने कबूल केलं की वरच्या डिग्र्या अस्तित्वातच नाहीत. त्या त्याच्या डोक्यात आहेत, लिहायच्या राहिल्यात. मग क्निगेनेच बसून त्या लिहिल्या!

मला इतिहासातला हा सगळ्यात आवडता प्रसंग आहे. माणूस आयुष्यभर ज्या दाराशी पोचायचं म्हणून धडपडतो, ते उघडतो तर आत रिकामी खोली, एक टेबल, कोरे कागद, आणि कुणीतरी म्हणतंय, आलात का, बसा, लिहायला घ्या.

पुढे दोघांचं भांडण झालं, क्निगे १७८४ मध्ये बाहेर पडला. बव्हेरियाच्या शासकाने १७८४ आणि १७८५ मध्ये फर्मानं काढून हे सगळं बंद केलं, झडत्यांत कागद सापडले आणि सरकारनेच ते छापून टाकले. १७९७ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेल्यावर, बार्युएल नावाच्या धर्मगुरूने आणि रॉबिसन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने वेगवेगळं लिहिलं की क्रांती यांनीच घडवली. ते दुकान तेव्हापासून चालू आहे. संस्था जगली जेमतेम दहा वर्षं, तिची कीर्ती सव्वादोनशे.

रिकामटेकडी

'पोस्टमनची वाट बघत बसला' 😄 वही, तुमच्याकडे असं किती आहे अजून?

दिवाभीत

सगळं ठीक, पण त्यांचा मोठा नेता अल्बर्ट पाइक याने स्वतः लिहिलंय की वरच्या डिग्रीत ल्युसिफरची पूजा होते. हे कसं नाकारणार?

तळटीप

ते पाइकचं नाही. ही सगळी सैतानाची शाळा ज्या काळात निघाली तेव्हा ती भरवत होता लिओ ताक्सील हा फ्रेंच लेखक. आधी चर्चची टिंगल करून पोट भरायचा. १८८५ मध्ये 'पश्चात्ताप' करून चर्चच्या गोटात आला आणि मेसनांची 'भयंकर सत्यं' पुस्तकामागून पुस्तक लिहायला लागला. मेसनरीच्या वर 'पॅलेडियम' नावाचा सैतानपूजक पंथ, त्याचा प्रमुख पाइक, तिथून पळून आलेली डायाना व्हॉन नावाची बाई. लोक तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसच्या भूगोल मंडळाच्या सभागृहात 'डायानाला समोर आणतो' म्हणून गर्दी जमवली आणि भर सभेत सांगितलं, बारा वर्षं मी तुम्हाला बनवत होतो. पोलीस बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं त्याला.

त्याने कबुली दिली ती कुणाच्या लक्षात नाही. पाइकचं 'वचन' मात्र दर आठवड्याला मला कुणीतरी पाठवतं.

दिवाभीत

बनवलं असं म्हणायला त्याला भाग पाडलं असेल तर?

रिकामटेकडी

🙏

सुपारीची डबी

मी एक बाई म्हणून विचारते, तुम्ही सगळे आतल्या वर्तुळामागे लागलात. बाहेरच्या वर्तुळाचं काय? अर्ध्या जगाला तिथेच दार बंद होतं. अँडरसनने लिहिलेल्या मेसनांच्या १७२३ च्या घटनेत, म्हणजे नियमपुस्तकात, स्पष्ट लिहिलंय, गुलाम नकोत, बायका नकोत, अनीतिमान माणसं नकोत. एका ओळीत!

मारिया देरेम या फ्रेंच बाईंना १८८२ मध्ये एका लॉजने दीक्षा दिली तर गहजब झाला. शेवटी १८९३ मध्ये त्यांनी जॉर्ज मार्तां यांच्यासोबत स्त्रीपुरुषांची वेगळी संघटना काढली, 'ल द्र्वा ह्युमॅं'. अॅनी बेझंट १९०२ मध्ये त्यात गेल्या. जुन्या ग्रँड लॉज अजूनही त्यांना आपल्यातलं धरत नाहीत.

रंगाचंही तेच. प्रिन्स हॉल या बोस्टनच्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १७७५ मध्ये एका आयरिश लष्करी लॉजकडून दीक्षा घेतली, १७८४ मध्ये लंडनकडून सनद मिळवली. तरी अमेरिकेतल्या गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांच्या परंपरेला भाऊ मानायला दोनशे वर्षं घेतली, काहींनी त्याहूनही जास्त. माणेकजी करसेटजींना इंग्रजी लॉजनी टाळलं म्हणून त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि मग १८४३ मध्ये मुंबईत एतद्देशीयांना प्रवेश देणारं 'रायझिंग स्टार' निघालं. 'सर्व माणसं बंधू' म्हणणाऱ्यांना बंधूंची यादी करताना इतका वेळ लागतो, हे मला कुठल्याही कटापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

जुनी वही

डबीताई, पूर्ण सहमत. आणि काळ्या गोटीचंही लिहा कुणीतरी.

तळटीप

लिहितो. दोन सभासदांनी नाव सुचवायचं, एकाने मांडायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. मग दोन-तीन जणांची समिती भेटते, चारित्र्य, घरची संमती, श्रद्धा, फी परवडते का हे विचारते. मग लॉजमध्ये गुप्त मतदान. पेटीत हात घालून पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. लॉजच्या नियमाप्रमाणे एक, दोन किंवा तीन काळ्या निघाल्या की माणूस बाद, आणि कुणी टाकली हे कुणी विचारायचं नाही.

दीक्षेला डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर. बाहेर नागवी तलवार घेऊन 'टायलर' उभा. शपथेत पूर्वी 'फोडलं तर गळा कापला जावा' वगैरे होतं. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये या शिक्षा शपथेतून काढून टाकल्या. आणि फोडायचं काय राहिलंय? सॅम्युअल प्रिचर्डने १७३० मध्येच सगळा विधी छापून विकला, हातोहात खपला.

अवांतर : फारसीत लॉजला 'फरामूशखाना' म्हणायचे. आपण 'एहसान फरामोश' म्हणतो तोच शब्द, विसरण्याची जागा. आत काय झालं विचारलं की सभासद म्हणायचा, विसरलो. तेहरानमध्ये मल्कम खानने या नावाने काढलेली संस्था शाहने १८६१ मध्ये बंद केली. शाहलाही विसरणारी माणसं आवडली नसावीत.

फुकट फौजदार

मी तीस वर्षं तपासकाम जवळून पाहिलंय म्हणून माझी शंका वेगळी. आतलं वर्तुळ लागतं कशाला? बाहेरचंच पुरतं की.

विल्यम मॉर्गन. न्यू यॉर्क राज्यातलं बटेव्हिया, १८२६. मेसनांची गुपितं छापणार असं त्याने जाहीर केलं. तीन डॉलरही नसलेल्या उधारीसाठी त्याला अटक झाली. तुरुंगातून कुणीतरी ती रक्कम भरून त्याला सोडवलं आणि दारातच गाडीत कोंबलं. नायगारा किल्ल्यापर्यंत माग लागतो, पुढे नाही. प्रेत सापडलं नाही. आता बघा, खटल्यासाठी ज्युरी कोण बोलावणार? शेरीफ. शेरीफ कोण? बरेचसे मेसन. नायगारा परगण्याचा शेरीफ तर अपहरणातच दोषी ठरला, अठ्ठावीस महिने आत बसला. बाकीच्यांना किरकोळ शिक्षा. खुनासाठी कुणालाच नाही.

यात कुठे तेहतिसावी डिग्री आली? शेजारपाजारच्या लॉजमधली साधी माणसं, एकमेकांना वाचवत होती. 'भावाला मदत कर' एवढ्या एका वाक्यावर हे सगळं उभं राहिलं. लोक भडकले ते उगाच नाही. मेसनविरोधी पक्ष निघाला, १८३१ मध्ये त्याने बाल्टिमोरला अधिवेशन भरवून उमेदवार निवडला, १८३२ मध्ये व्हरमाँट राज्य जिंकलं. त्यांचा उमेदवार विल्यम वर्ट स्वतः पूर्वी मेसन होता, ही आणखी गंमत.

फ्रान्समध्ये १९०४ ला तेच. युद्धमंत्री आंद्रे यांच्या खात्याने ग्रँड ओरिएंटच्या लॉजेसकडून गावोगावच्या सेनाधिकाऱ्यांची माहिती मागवली. कोण चर्चला जातो, कुणाची मुलं पाद्र्यांच्या शाळेत. 'मासला (चर्चमधल्या उपासनेला) जातो' असा शेरा कार्डावर पडला की बढती अडली. ग्रँड ओरिएंटच्या कचेरीतल्याच बिदगेन नावाच्या माणसाने कार्डं विरोधकांना विकली, संसदेत ती वाचून दाखवली गेली, मंत्र्याला जावं लागलं. तिथेही गूढ काही नव्हतं. कारकुनी होती.

शंकासुर

फौजदारसाहेब, हेच मी केव्हाचं सांगतोय.

फुकट फौजदार

नाही. तुम्ही सांगताय वर कुणीतरी बसलंय. मी सांगतोय वर कुणी नसलं तरी हे घडतं.

जुनी वही

संशयाची किंमतही एकदा मोजूया. नाझींनी १९३५ पर्यंत जर्मनीतल्या सगळ्या लॉज बंद केल्या, 'यहुदी आणि मेसन मिळून जग चालवतात' या सिद्धांतावर. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने १ मार्च १९४० ला मेसनरी आणि साम्यवाद यांच्याविरुद्ध एकत्र कायदा केला, खास न्यायाधिकरण नेमलं, माणसं तुरुंगात गेली. त्या आधी तिथल्या यादवी युद्धात कित्येक सरळ गोळ्या घालून मारली गेली. फ्रँको स्वतः टोपणनावाने वर्तमानपत्रात मेसनांविरुद्ध लेख लिहायचा. टोपणनाव घेतलं 'हाकिम बूर', लॉजमधल्या याखिन आणि बोआझ या दोन खांबांवरून. आणि त्याचा सख्खा भाऊ रामोन मेसन होता.

रिकामटेकडी

हुकूमशहाला टोपणनाव कशाला हवं? कुणाला घाबरत होता?

जुनी वही

मीही कित्येकदा हाच विचार करतो.

नवा सदस्य ४७

वाचतोय. अमेरिकेत सभासद किती उरलेत?

तळटीप

१९५९ मध्ये चाळीस लाखांच्या वर होते. आता दहा लाखांच्या खाली. अनेक ग्रँड लॉज चक्क जाहिरात करतात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ट्रूमन एकाच वेळी सेनेटर आणि मिझुरीचा ग्रँड मास्टर होता, तो काळ गेला. बहुतेक लॉजचा आजचा खरा प्रश्न छपराची दुरुस्ती कोण करणार हा आहे.

शंकासुर

किंवा तसं दाखवतात.

तळटीप

शंकासुर, एक सरळ प्रश्न. असा कुठला पुरावा आहे की जो पाहून तुम्ही म्हणाल, नाही, आतलं वर्तुळ नाही?

शंकासुर

प्रामाणिकपणे? विचार केला दोन दिवस. सभासदांची यादी कुणालाही बघता आली तर निम्मी शंका जाईल. इंग्लंडमध्ये १९९८ पासून नव्या न्यायाधीशांना मेसन असल्यास सांगावं लागे, २००९ मध्ये ती अट काढली. का काढली? उरलेली निम्मी शंका राहील, तो माझा स्वभाव आहे.

सुपारीची डबी

शंकासुरांकडून इतकं ऐकायला मिळालं, धागा सार्थकी लागला 😄 यादीचं मात्र मला दोन्ही बाजूंनी वाटतं. न्यायाधीशाने सांगावं. पण वर वहींनी लिहिलंय ते वाचल्यावर, सरकारच्या हातात सगळ्यांची यादी द्यावी असंही वाटत नाही.

पाऊणशहाणा

धागाकर्ता हजर. काल त्या गृहस्थांना भेटलो. हा धागा दाखवला नाही, पण तुमचेच प्रश्न विचारले. एक, तुमच्या लॉजचे हिशेब सगळ्या सभासदांना दिसतात का? दोन, तुमच्याच लॉजमध्ये असा कुणी आहे का, ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही? तीन, एखाद्या भावाने गुन्हा केला आणि तपास तुमच्याकडे आला तर?

पहिल्याला म्हणाले, दरवर्षी वाचून दाखवतात आणि दरवर्षी त्यावरून भांडण होतं. दुसऱ्याला हसले. म्हणाले, "नोंदवहीत पंचेचाळीस आहेत, येतात सतरा. उरलेले अठ्ठावीस कोण ते मलाही नीट आठवत नाही."

तिसऱ्याला मात्र लगेच उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला. मग म्हणाले, शपथेसाठी कायदा मोडावा लागत नाही, देशाचा कायदा आधी. मी म्हटलं, शपथेचं नाही विचारलं, तुमचं विचारलं. तर म्हणाले, "अजून वेळ आलेली नाही."

फुकट फौजदार

खरं बोलले. अर्ज करताय का मग?

पाऊणशहाणा

फॉर्म घेऊन आलोय. 'अर्ज करण्यामागचा हेतू' असा रकाना आहे, तिथे अडकलोय.

रिकामटेकडी

'एका धाग्यावर शंभर प्रतिसाद झाले म्हणून' असं लिहा.

शंकासुर

भरलात तर आत गेल्यावर इथे लिहाल ना? की विसरलो म्हणाल?